कानोसा

काटेवाल्याच्या घरातल्या खुर्च्या मोजे घालून असत. जुन्या मोज्यांच्या टाचा कापून, आत कापूस भरून त्याने त्या खुर्च्यांच्या पायांना शिवल्या होत्या. पाहुणे आधी हसायचे. कारण कळलं की हसायचे थांबायचे, आणि पुढेपुढे पाहुणेच यायचे थांबले.

कारण म्हणजे ठकी, त्याची नऊ वर्षांची मुलगी. जन्मली तेव्हा इतकी गोल आणि गप्प होती की आजी तिला बाहुलीसारखी ठकी म्हणायला लागली, आणि तेच नाव चिकटलं. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला. त्या शब्दाचा घरात फारसा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो ठेचकाळत शिकलेल्या गोष्टींचा. फरशीवर खुर्ची सरकली की तिच्या दातांतून कळ जायची. फ्रॉकच्या मानेशी शिवलेली पट्टी तिला बोचायची, म्हणून नवा कपडा घरात आला की आधी कात्री यायची. शेजारी मिक्सर सुरू झाला की ती कान दाबून जमिनीवर बसायची. मिक्सर बंद झाल्यावरही अर्धा तास तशीच, कारण तो पुन्हा सुरू होणार नाही याची हमी तिला कोण देणार? बोलायची ती मोजून तीन शब्द. नको, बंद, आणि जड.

'जड' तिने बापाकडून उचलला होता. दुकानादुकानांतून फिरून वजनकाटे दुरुस्त करायचे, खोटं बोलणाऱ्या काट्याला खरं बोलायला लावायचं, हा त्याचा धंदा. घरी कपाटाच्या खालच्या कप्प्यात वजनं असत. ठकी चालायला लागल्यापासून त्यांतलं मोठं वजन ओढून मांडीवर घ्यायची आणि मग तिचा श्वास खाली यायचा. थेरपिस्ट बाईंना त्याने हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. अंगावर दाब आला की या मुलांना आधार वाटतो. पण लोखंड नको. वाळूची पिशवी शिवा, आणि तिच्या वजनाच्या दहाव्या भागाहून जास्त भरू नका."

काटेवाल्याला असलं काम सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. मुलगी भरली बावीस किलो, पिशवी झाली दोन किलो दोनशे ग्रॅम, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. वाळू एका बाजूला जाऊन पिशवी घसरू नये म्हणून त्याने ती रजईसारखे चौकोन टाकून शिवली. निळी, मऊ कापडाची. ठकी 'जड' म्हणाली की पिशवी द्यायची. बायको म्हणायची, "आमचे हे सगळ्या बाजाराचे काटे सरळ करतात, पण पोरीने यांना एका पिशवीत सरळ केलं." लग्नाच्या फोटोत तो तिच्याशेजारी काटा सरळ करायला पासंग ठेवावा तसा दिसतो, म्हणून मूड असला की ती त्याला पासंग म्हणायची. त्या वर्षांत मूड अधूनमधून असायचा.

दुसऱ्या मुलाचा विचार त्यांनी सात वर्षं टाळला. मग सासूबाई म्हणाल्या, "तुमच्यामागे हिला कोण?" हाच प्रश्न त्या दोघांनी एकमेकांपासून लपवून आपापल्या उशीला विचारला होता. दुसऱ्याने मोठ्याने विचारल्यावर तो खरा झाला. बायकोला दिवस गेले.

आंधळेपणाने त्यांनी काही केलं नाही, हे काटेवाल्याच्या बाजूने सांगायला हवं. पाचव्या महिन्यापासून तयारी सुरू झाली. फोनवर तान्ह्या मुलाच्या रडण्याचा आवाज मिळवला. रोज शाळेतून आल्यावर, खाणं झाल्यावर, पिशवी मांडीवर देऊन तो आवाज लावायचा. पहिल्या दिवशी आवाजाची पट्टी एकावर, दहा सेकंद. ठकी म्हणाली, "बंद." त्याने लगेच बंद केला. बाईंनी तसंच सांगितलं होतं. तिच्या हातात लगाम आहे असं तिला वाटलं पाहिजे. आठवड्याने दोनवर. मग तीनवर. आठव्या महिन्यात पट्टी सातवर गेली आणि ठकी दोन मिनिटं बसून राहिली, नुसती पायाची बोटं आखडून. त्या दिवशी बायकोने पोटावर हात ठेवून सांगितलं, "ऐकलंस का रे, तुला सातपर्यंत परवानगी आहे."

दोघं हसली. काटेवाल्याला पुढे बरेच दिवस ते हसणं आठवायचं, आणि आठवलं की तो काहीतरी काम काढायचा.

बाळ घरी आलं. मुलगा. खरं बाळ आणि फोनमधलं बाळ यांत फरक काय, हे पहिल्या तासातच कळलं. फोनमधलं बाळ सांगून रडायचं. हे न सांगता रडायचं, आणि 'बंद' म्हटलं तरी बंद व्हायचं नाही.

पहिल्यांदा ते रडलं तेव्हा ठकी बापाकडे बघून म्हणाली, "बंद." तो म्हणाला, "हो बेटा, आता होईल." ती पुन्हा म्हणाली. सहाव्यांदा म्हणाली तेव्हा तिचा आवाज चिरकला होता. मग तिने तळहातांनी स्वतःच्या कानांवर मारायला सुरुवात केली. त्याने हात धरले तर मनगटाला चावली. स्वतःच्या, त्याच्या नाही. तिने कधी दुसऱ्याला चावलं नव्हतं.

त्यांनी आतली खोली बाळाची केली. दाराला आतून गादी उभी केली, फटींत चिंध्या कोंबल्या. कानांवर लावायचे हेडफोन आणले, तर त्यांचा दाबच ठकीला सोसेना. अंगावरचा दाब हवा आणि कानांवरचा नको, हे गणित बाईंनाही पटकन सोडवता आलं नाही. आणि मग खरी अडचण हळूहळू उघडी पडली. बाळ झोपलेलं असलं, घरात चिडीचूप असलं, तरी ठकी बंद दारासमोर उभी असायची. एक हात कानावर, मान किंचित वाकडी, कानोसा घेत. जेवण तिथेच. शू तिथेच झाली दोनदा. शाळेतून येताना घर दिसलं की तिचे पाय जड व्हायचे.

"आवाज हे निमित्त आहे हो," थेरपिस्ट बाई म्हणाल्या. "आवाज दिवसातून तासभर असेल. त्याची भीती चोवीस तास आहे. ती वाट बघत्येय त्या आवाजाची."

"मग करायचं काय?"

"बाळ कधी रडणार हे तिला आधी कळलं तर..." बाई बोलता बोलता थांबल्या. बाळ कधी रडणार हे कुणाला आधी कळतं?

बायकोने मग तेच करायचं ठरवलं. बाळाला रडूच द्यायचं नाही. तोंड वाकडं झालं की छातीशी. ओठ थरथरले की छातीशी. ती त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत बसायची, आंघोळीला जायची ती दार उघडं टाकून. तीन महिन्यांत ती अर्धी झाली. काटेवाला दुकानांतून लवकर परतायला लागला, पण आईचं दूध काही बापाकडून मिळत नाही.

त्या दुपारी काय झालं ते त्याला बायकोकडून कळलं, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. ठकीला शाळेला सुट्टी होती. बाळ झोपलं होतं. बायको कपडे आणायला गच्चीवर गेली. गेली आणि आली, चार मिनिटं, फार तर पाच. येताना जिन्यातच तिला बाळाचं रडणं ऐकू आलं आणि जिना संपायच्या आत ते थांबलं. तिला बरं वाटलं. हे ती त्याला पुढे कितीदा तरी सांगणार होती. "मला बरं वाटलं हो. थांबलं म्हणून मला बरं वाटलं."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. ठकी बाळाशेजारी बसली होती, शांत, दोन्ही हात मांडीवर, कान मोकळे. बाळाच्या अंगावर निळी पिशवी होती. आईकडे बघून ठकी म्हणाली, "जड."

पिशवी ओढली तेव्हा बाळाचे ओठ पिशवीच्याच रंगाचे झाले होते. शेजारच्या नर्सबाई घरी होत्या म्हणून वाचलं. त्यांनी पालथं घातलं, पाठीवर थापलं, तोंडाने श्वास दिला, आणि रिक्षात बसेपर्यंत बाळाने एक बारीक हुंदका दिला.

काटेवाला एका किराणा दुकानात काटा खोलून बसला होता. निरोप मिळाला तसा स्क्रू तिथेच सोडून निघाला. रुग्णालयात बाळाला एका छोट्या पलंगावर ठेवलं होतं. पायथ्याशी कागदावर वजन लिहिलं होतं, पाच किलो शंभर. त्याच्या डोक्याने त्याला न विचारता हिशोब केला. दहावा भाग म्हणजे पाचशे दहा ग्रॅम. दोन किलो दोनशे म्हणजे जवळजवळ निम्मं.

बाळ तीन दिवसांनी घरी आलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला इजा झालेली दिसत नाही, तरी लक्ष ठेवा. त्या तीन दिवसांत ठकी मावशीकडे होती आणि मावशीने तिसऱ्या दिवशी फोन करून एवढंच विचारलं, "कधी नेताय?"

नवराबायको त्यावर बोलली ती स्वयंपाकघरात, भांडी पुसता पुसता, हळू आवाजात, कारण त्या घरात भांडणंसुद्धा हळू आवाजात करायची सवय होती.

"तिला मदत करायची होती," तो म्हणाला. "आपण तिला देतो ना पिशवी, ती रडली की. तिने तेच केलं. भाऊ रडतोय, त्याला जड द्या."

"असेल."

"असेल काय? तू पाहिलंस ना, शांत बसली होती. मारायचं असतं तर..."

"मी मारायचं म्हटलं का? माझी पण मुलगी आहे ती." तिने पेला खाली ठेवला, आवाज न करता. "पण पिशवी त्याच्या तोंडावर होती."

"छातीवर ठेवली असेल. सरकली असेल तोंडावर."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. पिशवी सरकू नये म्हणून चौकोन त्यानेच टाकले होते.

दुसरा पेला पुसायला घेत ती म्हणाली, "तिने चांगल्यासाठी केलं की वाईटासाठी, मला फरक पडत नाही आता. मला एवढंच कळतं की मी पाठ फिरवू शकत नाही. आणि माणसाला पाठ फिरवावी लागते हो. कपडे आणायला तरी."

मग संस्था बघायचं ठरलं. शहराबाहेर एक निवासी संस्था होती, काटेवाला एकटाच बघून आला. वाईट नव्हती, हीच पंचाईत. वाईट असती तर शिव्या घालून परत येता आलं असतं. अधीक्षक भला माणूस होता, मुलं त्याच्या शर्टाला लोंबकळत होती. पण काटेवाला पोचला तेव्हा जेवणाची वेळ होती. चाळीस मुलं, चाळीस स्टीलची ताटं, फरशीवर बाकांचे पाय. कुणी ओरडत होतं, कुणी टेबल बडवत होतं, आणि कोपऱ्यात ठकीएवढी एक मुलगी कान दाबून, डोळे मिटून, पुढेमागे हलत होती.

"ती कायम अशीच असते?" त्याने विचारलं.

"जेवणाच्या वेळी," अधीक्षक म्हणाला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "आणि सकाळी. आणि खेळाच्या तासाला. साहेब, चाळीस जण गप्प कसे बसणार?"

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "चांगली आहे जागा."

"काटेवाले," ती म्हणाली, "घरात तरी खोटं वजन सांगू नका."

तेव्हा ठकीला कुठे ठेवायचं हे बोलणं संपलं आणि बाळाला कुठे न्यायचं हे सुरू झालं. बायकोचा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. त्याच्याकडे मागची एक खोली होती. "थोडे दिवस," असं सगळ्यांनीच म्हटलं. बाळ आठ-नऊ महिन्यांचं होईल, रडणं कमी होईल, मग बघू. निघताना बायकोने दोन पिशव्या भरल्या आणि ठकीच्या केसांवरून हात फिरवला. ठकीने मान बाजूला घेतली. डोक्यावर हलका हात तिला कधीच चालला नव्हता, घट्ट दाबलेला चालायचा. आईला ते नऊ वर्षं माहीत होतं. त्या दिवशी विसरली.

काटेवाल्याची समजूत अशी होती की घर शांत झालं की मुलगी शांत होईल. साधा हिशोब होता. एका पारड्यातलं काढलं की दुसरं खाली यायलाच हवं. पहिल्या दिवशी ठकी शाळेतून आली आणि आतल्या दारासमोर उभी राहिली. त्याने दार उघडून दाखवलं. पलंग नाही, दुपटी नाहीत, दाराची गादीसुद्धा काढलेली. "बघ, बाळ नाही. गेलं." तिने आत बघितलं. मग तिने स्वतः दार लावलं, एक हात कानावर ठेवला आणि मान वाकडी करून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तेच. महिन्याने तेच. रडणारं बाळ निदान अधूनमधून झोपायचं. नसलेलं बाळ कधीही रडू शकत होतं.

"वेळ लागेल," थेरपिस्ट बाई म्हणाल्या.

बायको शनिवारी यायची, बाळाला वहिनीपाशी ठेवून. पहिल्या शनिवारी ठकी धावत दारापर्यंत गेली. खरंच धावत गेली, काटेवाल्याने डोळ्यांनी पाहिलं. आईच्या अंगाशी तिने नाक नेलं, वास घेतला, आणि दोन्ही हात कानांवर ठेवून मागे मागे भिंतीपर्यंत गेली.

"काय झालं?" बायको म्हणाली. मग तिने स्वतःचीच बाही हुंगली. "दुधाचा वास येतोय मला. त्याचा."

पुढच्या शनिवारी ती आंघोळ करून, केस धुऊन, जुन्या साबणाचा वास घेऊन आली. पूर्वीचा घरात घालायचा गाऊन तिने इथेच ठेवला होता, तो काटेवाल्याकडून खाली मागवून जिन्याखालीच वरून चढवला. उपयोग झाला नाही. अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईचा वास साबणाने जात नाही. ती खोलीच्या एका टोकाला बसायची, ठकी दुसऱ्या टोकाला कान दाबून. मधे काटेवाला, पासंगासारखा. तासाभराने ती उठायची. तिच्या मागे ठकीचं चावणं सुरू व्हायचं ते सोमवारपर्यंत चालायचं. मनगटावरची जखम भरते न भरते तोच पुढचा शनिवार.

दोन महिन्यांनी बाईंनी जे सुचवलं ते त्यांना सुचवावंसं वाटत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "काही दिवस आईने न आलेलं बरं."

त्याने बायकोला हे जिन्यात सांगितलं. ती एक पायरी खाली उभी होती.

"म्हणजे माझ्याशिवाय ती बरी आहे," ती म्हणाली.

"बरी नाहीये गं. कमी चावते."

"तेच म्हणते मी." तिने अंगावरचा गाऊन काढला, घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. "धुऊन टाका. नाहीतर ती हाही हुंगून रडेल." मग थोडं हसल्यासारखं करून म्हणाली, "पासंग, नीट जेवत जा."

त्यानंतर उरला बुधवार. ठकीची शाळा नऊ ते बारा. त्या तीन तासांत काटेवाल्याला दुकानं करायची असायची, पण बुधवारी तो बस पकडून मेहुण्याकडे जायचा. जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास. मधे जेमतेम तासभर मुलगा मिळायचा. मुलगा वर्षाचा झाला. रडणं कमी झालं तर होतंच, पण आता तो चालत होता, वस्तू पाडत होता, आणि त्याला ठकीच्या घरात आणायचं बोलणं कुणी काढत नव्हतं. बापाला तो ओळखायचा, पोस्टमनला ओळखावं तितपत.

एका बुधवारी मुलगा खुर्ची धरून उभा होता. हात सुटला आणि तो तोंडावर आपटला. हनुवटी फुटली, रक्त आलं. काटेवाला उचलायला धावला. मुलाचं तोंड उघडलेलं होतं, पूर्ण उघडलेलं, चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी, आणि आवाज नाही. त्याला वाटलं श्वास अडकला. पाठ चोळायला लागला.

"काही नाही, श्वास घेतोय तो," बायको म्हणाली. तिने फडका ओला करून आणला. "तो असाच रडतो."

"असाच म्हणजे?"

"आवाज करत नाही. डॉक्टरांना दाखवलं, घसा बरा आहे, कान बरे आहेत. वहिनी कौतुक करते, किती शहाणं बाळ." ती मुलाची हनुवटी पुसत राहिली. "तीन महिने ओठ हलला की तोंडात काहीतरी कोंबलं मी त्याच्या. शिकला."

काटेवाल्याने मुलाला मांडीवर घेतलं. त्याला सांगावंसं वाटलं की रड, मोठ्याने रड, इथे कुणाला त्रास होत नाही. पण पाच-सहा शब्दांपलीकडे मुलाला काही कळत नव्हतं, आणि त्याची स्वतःची जीभ इतक्या वर्षांत फक्त 'शूऽऽ' म्हणायला शिकली होती. मुलाची छाती भात्यासारखी वरखाली होत राहिली. शर्टावर रक्ताचे दोन थेंब पडले.

"अकरा वाजले," बायको म्हणाली. "तुमची बस."

बस मिळाली. शर्टावरचे थेंब त्याने शाळेच्या नळावर धुतले, म्हणजे ठकीला वास येऊ नये. वर्गशिक्षिका दारात उभ्या होत्या. त्यांनी हळूच सांगितलं की आजही ठकी तिन्ही तास वर्गाच्या दाराकडेच कान लावून उभी होती. पुढच्या सत्रापासून तिला दीडच तास पाठवा, तेवढंच तिला झेपेल. दीड तासात बस जाऊन येत नाही. त्याने मान हलवली.

घरी आल्यावर ठकीने चपला काढल्या, सरळ आतल्या दारापाशी गेली आणि उभी राहिली. त्याने भाताचं ताट तिथेच नेऊन ठेवलं आणि खाली फरशीवर बसला. ती दोन घास खाऊन थांबली आणि त्याच्या शर्टाच्या ओल्या जागेकडे बघायला लागली. मग तिने नाक जवळ आणलं.

"नको," ती म्हणाली, आणि कान दाबले.